चित्राखालची ओळ

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धाकटी डहाणूतील एका घरी स्नानसंस्काराची तारीख ठरविण्यासाठी आम्ही गेलो होतो. नारळी पौर्णिमा अद्याप यावयाची होती. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या आणि पुरुषमंडळी ओट्यांवर बसून जाळी दुरुस्त करीत होती. तारखेचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. नावाचा मात्र सुटेना. बाळ मुलगी, आणि तिचा जन्म २२ जुलैचा, म्हणजे संत मारिया मग्दालेनाच्या सणाचा. ज्या संताच्या सणाला लेकरू आले त्या संताचे नाव त्याला द्यावे, असा आजीचा आग्रह होता. बाळाची आई ऐकायला तयार नव्हती.

"फादर, त्या बाईचं नाव माझ्या लेकीला नको," ती म्हणाली. "शाळेत पोरं चिडवतील. मोठी झाल्यावर ती मला विचारेल, आई, तुला दुसरं नाव नाही का मिळालं?"

आम्ही काही समजुतीचे बोलणार, एवढ्यात तिने पुढे म्हटले, "मागच्या प्रायश्चित्तकाळात तुम्हीच प्रवचनात सांगितलंत ना, ती कशी बाई होती ते?"

वाचकहो, तिचे म्हणणे खरे होते. आम्ही तसे सांगितले होते. त्या वर्षीच नव्हे, त्याआधीही अनेक वर्षे सांगत आलो होतो. मोकळ्या केसांची, वाट चुकलेली, मग प्रभूच्या चरणांशी रडणारी मग्दालेना हे आमच्या प्रवचनाचे हुकमी साहित्य होते. तिचे नाव घेतले की बायका डोळ्यांना पदर लावीत आणि पापनिवेदनाला रांग लांब होई. सेमिनरीत आम्ही पवित्र शास्त्राचा अभ्यास केला होता. खरे काय आहे ते आम्हांस ठाऊक होते. तरीही मंचकावर उभे राहिले की तोंडी जुनेच येई. ते का येई, याचा विचार आम्ही त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

आजीने वाद थांबविला नाही. तो पुढे नेला. भिंतीवरच्या फळीवरून, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागून तिने एक चित्र काढले. पोस्टकार्डाएवढे, काचेविना, कडा खारट हवेने पिवळ्या पडलेल्या. वांद्र्याच्या जत्रेत एका दुकानावरून काही रुपयांना घेतलेले. कुणा जुन्या युरोपीय छापचित्राची ती नक्कल होती: बारीक, समांतर, एकमेकींना छेदणाऱ्या काळ्या रेघांनी काढलेली एक स्त्री. गुहेचे तोंड, बाजूला मानवी कवटी, सुगंधी तेलाची कुपी, उघडे पुस्तक, खांद्यावरून सांडलेले केस, वर लागलेले डोळे आणि गालावर अश्रू. खाली लॅटिनमध्ये एक ओळ. तिचा अर्थ साधारण असा, की पश्चात्ताप करणारी मग्दालेना.

"ही रडते म्हणून मी ही आणली," आजी म्हणाली. "तीस वर्षं हिच्यासमोर रडले. आता हिचं नाव वाईट कसं?"

एका घरात एकाच चित्राविषयी दोन बायका उभ्या होत्या. एकीला त्या चित्राने तीस वर्षे जगविले होते. दुसरीला त्या चित्राचे नाव आपल्या मुलीच्या अंगाला लागू द्यायचे नव्हते. आणि दोघींचीही समजूत ज्यावर उभी होती ती गोष्ट खरी नव्हती. ज्या चित्राने हजारो लोकांचे भले केले, ते चित्र खोटे ठरले तर त्याचे काय करावे, हा प्रश्न आम्ही घेऊन परतलो. तो सोडविण्याचा हा प्रयत्न आहे.

*

प्रथम ही चित्रे आली कोठून ते पाहू. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी टोकाने उलटे चित्र कोरायचे, कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद त्यावर ठेवून जड रुळाखाली दाबायचा, ही पद्धत युरोपात पंधराव्या शतकात रुळली. एका पत्र्यापासून शेकडो प्रती निघू लागल्या. जे चित्र पूर्वी राजवाड्यात किंवा मोठ्या मंदिराच्या वेदीवर एकच असे, ते आता फेरीवाल्याच्या पेटीत बसू लागले. १५६६ साली कॉर्नेलिस कोर्ट या कोरणाऱ्याने तिशियन या व्हेनिसच्या थोर चित्रकाराच्या मग्दालेनेचे छापचित्र केले. मूळ रंगचित्र ज्यांनी जन्मात पाहिले नसते अशा असंख्यांच्या मनात तिशियनची मग्दालेना त्या कागदाने बसविली. पुढे अँटवर्प हे या व्यवसायाचे मोठे केंद्र झाले. तेथील वीरिक्स बंधू, कोलार्ट, गाले या घराण्यांनी संतांची इतकी चित्रे छापली, की स्पेनपासून पेरूपर्यंत आणि गोव्यापासून जपानपर्यंत कॅथलिक माणसाच्या डोळ्यांपुढे संत म्हटले की तीच रूपे उभी राहू लागली.

येशूसंघीयांना या कागदाची शक्ती पुरती कळली होती. फादर जेरोम नादाल यांचा शुभवर्तमानावरील चित्रसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १५९३ साली अँटवर्पला प्रसिद्ध झाला. त्यात १५३ चित्रे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभूच्या सांगण्यावरून शिष्यांनी जाळे टाकले तेव्हा त्यात मासे आले तेही १५३. हा हिशेब हेतूने जुळविला होता की काय हे असो. धाकटी डहाणूच्या माणसाला तो आवडेल. त्या चित्रांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रातील प्रत्येक माणसाजवळ, वस्तूजवळ एक अक्षर असते आणि त्या अक्षराचा खुलासा चित्राखाली दिलेला असतो. पाहणाऱ्याने काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे हे खालच्या ओळी ठरवितात.

आपल्या देशाशीही या कागदांचा जवळचा संबंध आहे. नोव्हेंबर १५७९ मध्ये फादर रुडॉल्फ अक्वाविवा, फादर अंतोनियो मोन्सेरात आणि फादर फ्रान्सिस्को हेन्रिकिश हे तिघे अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघाले आणि दमण-सुरतेच्या वाटेने १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्याचे आठ खंड होते आणि त्यांत कोरीव चित्रांची पाने होती. त्या काळी डहाणूचा किनारा पोर्तुगीजांकडे होता, तो १७३९ पर्यंत. दमणकडे जाणारे त्यांचे गलबत आमच्या या किनाऱ्यासमोरूनच गेले असणार. ती चित्रे येथून पाण्यावरून पुढे गेली. खाली उतरली ती पुष्कळ काळानंतर, जत्रेतल्या दुकानांतून.

गोव्यात हीच चित्रे हस्तिदंतात उतरली. चांगल्या मेंढपाळाच्या रूपातील बाळ येशू उंच खडकावर बसलेला, आणि खडकाच्या तळाशी गुहेत आडवी पहुडलेली मग्दालेना, अशा गोव्याच्या कारागिरांनी कोरलेल्या मूर्ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासह अनेक ठिकाणी आहेत. वर प्रभू, खाली पश्चात्तापी स्त्री. हजारो मैलांवरच्या कोरणाऱ्याने ठरविलेली जागा तिला येथेही सुटली नाही.

*

आता शुभवर्तमान काय सांगते ते पाहू. मारिया मग्दालेनाचे नाव लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येते. तिच्यातून सात भुते निघाली होती एवढे तो सांगतो. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रियांसह ती प्रभूबरोबर फिरत होती आणि त्या स्वतःच्या मिळकतीतून त्याची व शिष्यांची सोय पाहत होत्या, असेही तो सांगतो. पुढे ती क्रुसापाशी आहे, कबरेपाशी आहे, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी प्रभू तिला नावाने हाक मारून बांधवांकडे पाठवितो. ती वेश्या होती असे चारही शुभवर्तमानांत एकाही ठिकाणी लिहिलेले नाही.

ज्या स्त्रीने परूश्याच्या घरी प्रभूचे चरण आसवांनी भिजविले आणि केसांनी पुसले, ती लूकच्या सातव्या अध्यायातील. तिचे नाव लूक देत नाही. बेथानीची मारिया, मार्थाची बहीण, ती तिसरी. इ. स. ५९१ च्या सुमारास रोममध्ये पोप महान ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघींना एक केले आणि सात भुतांचा अर्थ सगळे दुर्गुण असा लावला. आम्ही त्यांना दोष देण्यास धजत नाही. ग्रेगरी पोप झाले तेव्हा रोममध्ये महामारी होती. आधीचे पोप तिलाच बळी पडले होते. भेदरलेल्या, अपराधी मनाच्या लोकांपुढे क्षमेचा एक चेहरा उभा करावा, ही त्यांची कळकळ होती. पूर्वेकडील ख्रिस्तसभेने हे एकीकरण कधीच स्वीकारले नाही. तेथे मग्दालेना ही कबरेकडे सुगंधी द्रव्ये घेऊन जाणारी साक्षीदार म्हणूनच राहिली. पश्चिमेत मात्र ग्रेगरींचे शब्द प्रवचनांतून वाढले, आणि हजार वर्षांनी छापखान्याने त्यांना शरीर दिले.

१९६९ साली रोमन उपासना दिनदर्शिकेत सुधारणा झाली तेव्हा २२ जुलै हा दिवस पुनरुत्थित प्रभूचे प्रथम दर्शन घेणाऱ्या मारियेचा, पापी स्त्रीचा किंवा मार्थाच्या बहिणीचा नव्हे, हे स्पष्ट करण्यात आले. ३ जून २०१६ च्या आदेशाने पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला सणाचा दर्जा दिला. प्रेषितांचे जे सण असतात त्यांच्या पंक्तीचा. त्या दिवशीच्या मिस्सेत तिला 'प्रेषितांची प्रेषिता' म्हटले जाते. म्हणजे निर्णय होऊन अर्धशतक उलटले, सण होऊनही वर्षे झाली, आणि आम्ही धाकटी डहाणूच्या एका तरुण आईला प्रायश्चित्तकाळात जुनेच सांगत होतो.

ग्रेगरींची ती चूक होती. आमचे ते काय होते? संत अगस्तीन असत्य आणि चूक यांत भेद करतात: आपण खरे सांगत आहोत असे समजून खोटे सांगणारा चुकतो, ठाऊक असून फसविण्याच्या हेतूने सांगणारा खोटे बोलतो. फसविण्याचा आमचा हेतू नव्हता असे आम्ही म्हणू शकतो. पण ठाऊक होते. आणि ठाऊक असूनही ते बदलले नाही, कारण त्याने काम होत होते. अगस्तीन चांगल्या हेतूच्या खोट्यालाही परवानगी देत नाहीत. आत्म्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. तरुणपणी हा नियम आम्हांस फार कडक वाटे. आता वाटते, मंचकावर उभे राहणाऱ्या माणसाला तो असाच हवा.

*

परंतु चित्राच्या बाजूने बोलणेही न्यायाचे आहे. कोणी म्हणेल, फादर, इतिहास बाजूला ठेवा. त्या चित्रापुढे किती माणसे रडली, किती घरी परतली, किती जणींनी जीव द्यायचे टाळले! चित्राचे काम माणसाला देवाकडे नेणे, आणि ते काम झाले तर तपशील घेऊन काय करायचे? हा युक्तिवाद हलका नाही. आजी आमच्यासमोर उभी होती. तीच त्याचा पुरावा होती.

याचे उत्तर आम्ही प्रतिमेविषयी ख्रिस्तसभेने जे शिकविले आहे त्यातच शोधले. संत बासिल यांच्या एका विचाराच्या आधारे ७८७ साली निकायाच्या दुसऱ्या परिषदेने सांगितले की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमा ज्याची असते त्याला पोहोचतो. म्हणूनच आपण लाकडाला वा कागदाला नमन करीत नाही. डिसेंबर १५६३ मध्ये त्रेंत परिषदेने हेच पुन्हा सांगितले आणि दोन गोष्टींची ताकीद दिली: साध्या लोकांना चुकीच्या समजुतीत पाडील अशी प्रतिमा असू नये, आणि तिच्यात कामुक सौंदर्याचे प्रदर्शन असू नये. पहिल्या तत्त्वाची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. मान जर पोहोचतो, तर अपमानही पोहोचतो. तीनशे-चारशे वर्षे त्या कागदापुढे जे म्हटले गेले, ते कोणा स्त्रीला पोहोचत होते? पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेल्या एका हयात, स्वर्गस्थ व्यक्तीची आपण रोज बदनामी करीत होतो आणि तिला वाटेतल्या दिव्यासारखे वापरीत होतो. दिव्याने वाट दिसली हे खरे. म्हणून दिव्याला जाळण्याचा हक्क मिळतो काय?

मग दुसरी ताकीद. त्रेंतनंतर तीन वर्षांनी, १५६६ साली, तिशियनची मग्दालेना छापली गेली. पश्चात्तापाच्या नावाखाली उघडा खांदा आणि उघडे वक्ष घराघरांत गेले. पाहणारा आपण पुण्यकर्म करीत आहोत असे समजे. संत अगाथा, संत अपोलोनिया, संत लुसिया यांच्या चित्रांचेही असेच झाले. हुतात्म्याच्या धैर्याची ओळख म्हणून त्यांच्या हाती त्यांचेच छिन्न अवयव किंवा छळाची हत्यारे देण्यात आली. अगाथाच्या तबकात तिचे स्तन, लुसियाच्या तबकात तिचे डोळे, अपोलोनियाच्या चिमट्यात तिचा दात. त्या काय बोलल्या, कोणाला नाही म्हणाल्या, हे चित्रात मावत नाही. त्यांना काय केले गेले तेवढे मावते. आपल्या घरांत आजही कित्येक बायांची ओळख त्यांना काय केले गेले यावरूनच सांगितली जाते. ही सवय चित्रांनी लावली असे आम्ही म्हणत नाही. तिला आशीर्वाद मात्र दिला.

चित्राखालची ओळ सत्ता कशी बदलते याचेही एक उदाहरण आपल्याजवळ आहे. अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन ही परंपरेप्रमाणे विदुषी. राजाच्या पंडितांशी तिने वाद केला आणि त्यांना जिंकले. म्हणून चित्रांत तिच्याजवळ पुस्तक, मोडलेले चाक आणि तलवार असते आणि पुष्कळदा पायाखाली तो हरलेला सम्राट. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकर्क यांनी गोवा जिंकले आणि ती विजयाची आश्रयदाती झाली. जुन्या गोव्याचे महामंदिर तिलाच अर्पिलेले आहे. जिची मूळ कथा शस्त्रधारी सत्तेविरुद्ध शब्दांनी लढण्याची, तिचे नाव शस्त्रधाऱ्यांच्या जयाखाली लिहिले गेले. पायाखालचा माणूस कोण, हे मग पाहणाऱ्याने ज्याच्या त्याच्या बाजूने ठरविले.

*

याचा अर्थ चित्रे जाळावीत असा कोणी घेऊ नये. कोण काढतो, कोण काढून घेतो आणि कोण पाहतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. १६१३ साली अँटवर्पला आविलाच्या संत तेरेजाचे जीवन पंचवीस छापचित्रांत प्रसिद्ध झाले. कोरणारे पुरुषच होते, कोलार्ट आणि गाले. परंतु ती चित्रे काढून घेण्यामागे होती तेरेजाची सहकारी धर्मभगिनी, येशूची आना. त्यांत भाल्याने हृदय भेदणारा देवदूत आहेच. पण जिने मठ स्थापिले, ग्रंथ लिहिले, त्या बाईला जवळून ओळखणाऱ्या दुसऱ्या बाईच्या आग्रहाने तो संग्रह झाला. पुढच्याच वर्षी तेरेजा धन्यवादित घोषित झाली, १६२२ साली संत, आणि १९७० साली ख्रिस्तसभेची आचार्य.

आणखी एक चित्र आम्हांस वारंवार आठवते. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दरबारात निनी नावाची एक स्त्री चित्रकार होती. हिएरोनिमस वीरिक्सच्या छापचित्रावरून तिने संत सेसिलियाच्या हौतात्म्याचे चित्र काढले. ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. निनी ख्रिस्ती नव्हती असे समजण्यास हरकत नाही. तिच्या हाती एक परदेशी कागद आला, त्यावर मरणारी एक परदेशी मुलगी होती, आणि तिने ती पुन्हा रेखाटली. अँटवर्पच्या पुरुषाने रोमच्या मुलीचे काढलेले मरण हिंदुस्थानातल्या एका बाईने आपल्या कुंचल्याने काढले. तिला काय वाटले असेल हे सांगणारा एकही शब्द मागे नाही. पण चित्रावर तिचे नाव आहे, आणि ज्या काळात दरबारातील चित्रांवर स्त्रीचे नाव क्वचितच दिसते, त्या काळात ते सेसिलियाच्या चित्रावर आहे, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आमच्या तालुक्यात तर याहून जवळचे उदाहरण आहे. वारली लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुषांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळचा हात बायकांचा. त्या चौकात देवीला कोणी न्याहाळीत नाही; तिच्या साक्षीने संसार सुरू होतो. आमची श्रद्धा निराळी आहे आणि हे दोन्ही एक आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र पवित्र स्त्रीचे चित्र बाईच्या हाताने निघते तेव्हा ते कशासाठी निघते, हे पाहण्यासारखे आहे.

*

दहा-बारा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी बोलणार होतो ते सोपे नव्हते. तरुण आईला सांगायचे होते की आम्ही चूक सांगितली. आजीला सांगायचे होते की तिच्या चित्रावरची ओळ खरी नाही. पहिले मान खाली घालून सांगता येते. दुसऱ्याने कोणाचा आधार काढून घेतला जाईल याची भीती होती. तरीही सगळे सांगितले: तिन्ही स्त्रिया, पोप ग्रेगरी, १९६९, २०१६. मग्दाला हे गालील सरोवराच्या काठचे गाव. ग्रंथांत ज्याला मासे खारविण्याच्या धंद्यावरून तारिखेया म्हटले आहे ते हेच असे पुष्कळ अभ्यासक मानतात. यहुदी परंपरेत त्याला माशांचा बुरूज अशा अर्थाचे नाव आहे, हेही सांगितले. आजी सुक्या मासळीचा धंदा करते. ती थोडी हसली.

मग तिने विचारले, "ती पापी नव्हती, तर मग ती रडते कशाला?"

हा प्रश्न आम्हांस कोणत्याही ग्रंथाने विचारला नव्हता. उत्तर मात्र ग्रंथातच होते. योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालेना कबरेबाहेर उभी राहून रडते आहे. अश्रू खरेच आहेत. चित्रकाराने ते शोधून काढलेले नाहीत. तो प्रभूचा देह शोधीत असलेल्या स्त्रीचा शोक आहे. देह सापडत नाही. कोठे नेऊन ठेवला हे सांगणारे कोणी नाही. आम्ही तो भाग वाचून दाखविला.

घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. आजीचा नवरा तीस वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो परत आला नाही, हे गावाला ठाऊक आहे. देह मिळाला नाही. आमच्या दफनभूमीत त्याची कबर नाही. त्या पहाटे पैशांवरून दोघांचे भांडण झाले होते आणि ती त्याच्याशी न बोलता आत गेली होती, हे तिने त्या दिवशी सांगितले, आणि ते येथे लिहिण्याची परवानगीही दिली. तीस वर्षे ती पश्चात्तापी मग्दालेनेसमोर त्या भांडणासाठी रडली. न मिळालेल्या देहासाठी रडायला तिला कोणी संत दाखविला नव्हता. तो संत तिच्याच फळीवर होता; त्याच्याखालची ओळ चुकीची होती.

सगळे नीट जुळले असे समजून आम्ही पुस्तक मिटू लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, "पण फादर, माझं भांडण आहेच ना. ती चरण पुसणारी दुसरी बाई, तिचं नाव काय?"

"शुभवर्तमानात तिचं नाव दिलेलं नाही, मावशी."

तिने थोडा विचार केला. "नाही दिलं ते बरं. मग तिथं कुणीही बसेल."

आमच्या तीस वर्षांच्या धर्मसेवेत लूकच्या सातव्या अध्यायावर इतके चांगले भाष्य आम्ही केले नाही. त्या स्त्रीला नाव न देण्यात लूकने प्रत्येक पाप्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती. आपण तेथे मग्दालेनेला बसविले आणि दोघींचे नुकसान केले: मग्दालेनेची साक्ष हिरावून घेतली, आणि निनावी स्त्रीची जागा भरून टाकली. आम्ही ज्याला दिलासा समजून जपत होतो, तो सत्य सांगितल्याने गेला नाही. आपल्या जागी परत गेला. नेहमी असेच होईल असे वचन आम्ही देऊ शकत नाही. कधी सत्य सांगितल्यावर हाती काहीच उरत नाही, तेही आम्ही पाहिले आहे. तरी खोटा आधार खरा आहे असे सांगण्याचा अधिकार त्यामुळे कोणा धर्मगुरूला मिळत नाही.

चित्र आम्ही बदलले नाही. आजीच्या सांगण्यावरून लॅटिन ओळीखाली पेनने लिहिले: योहान २०, ११ ते १८. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर: लूक ७, ३६ ते ५०. चित्र एका बाजूला, कोरी बाजू दुसरीकडे. ती योजना तिचीच.

तरुण आईने नावाला होकार दिला, पण अट घालून. "तुम्ही हे माझ्या घरात सांगितलंत. प्रवचन तर सगळ्यांसमोर केलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या २२ जुलैला देवळात सांगा. नाहीतर पोरीला मीच खोटी ठरवीन." अट न्याय्य होती. चूक जेवढ्या मोठ्याने सांगितली तेवढ्याच मोठ्याने ती परत घ्यावी लागते.

यंदाच्या सणाला आम्ही ते केले. चूक ख्रिस्तसभेच्या इतिहासावर न ढकलता आमच्या नावावर घेतली. मिस्सा संपल्यावर काही वृद्ध मंडळी नाराज दिसली. एकाने विचारलेच की, आता प्रायश्चित्तकाळात कोणाचे उदाहरण देणार? आम्ही त्याला आजीचे उत्तर सांगितले. पहिल्या बाकावर एक वर्षाची मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या नावाचा अर्थ, मोठी झाल्यावर, तिला कोणाकडून चोरून ऐकावा लागणार नाही. निदान आमच्या धर्मग्रामात तरी.